गळका मांडव

सांगून कुणाला खरं वाटायचं नाही, पण हसाजी पेणकर गेला तो मांडव उभा करता करता. आदल्या दिवशी दारफाळणी होती. त्या दिवशी पेणच्या इस्राएल आळीत घरोघरची दारं बंद असायची. अंगावर पांढरे कपडे, पोटात अन्नाचा कण नाही की पाण्याचा घोट नाही, आणि दिवसभर एकच काम, वर्षाच्या चुकांची देवाकडे माफी मागायची. संध्याकाळी मशिदीत शिंग फुंकलं गेलं (हे यहुदी लोक आपल्या प्रार्थनाघराला मशीदच म्हणत), लोकांनी एकमेकांचे हात हातात घेऊन बोटं ओठाला लावली आणि जो तो घरी गेला. हसाजीनं मनुकांचं शरबत घेतलं, अर्धी भाकरी खाल्ली आणि पहार घेऊन थेट अंगणात गेला.

"अवो, दिवसभराचे उपाशी तुम्ही! खड्डे काय पळून जातायत?" त्याची बायको मिलकाबाई आतून ओरडली.

"माफीचा सण संपला की मांडवाच्या सणाला हात लावायचा, मध्ये वेळ दवडायचा नाय," हसाजी म्हणाला. "माफ झालं का नाय ते देव बघेल. मेढ आज रोवून ठेवतो."

हा त्याचा दरसालचाच नेम. आणि मिलकाबाईचं ओरडणंही दरसालचंच. दुसऱ्या दिवशी उन्हं चढेपर्यंत त्यानं चारी मेढी उभ्या केल्या, वर बांबूंची चौकट बसवली, सुंभाची शेवटची गाठ आवळली आणि "मिलके, पाणी आण गो," म्हणून पायरीवर बसला. ती तांब्या घेऊन आली तर तो बसलेलाच होता, पाठ भिंतीला, हात मांडीवर. तांब्या घ्यायला मात्र हात पुढे आला नाही.

देश स्वतंत्र होऊन तेव्हा बारा-तेरा वर्षं झाली असतील. हसाजीचा बाजारपेठेमागे तेलाचा घाणा होता. शनिवारी बैल सोडून ठेवायचा, दिवा पेटवायचा नाही की पैशाला शिवायचं नाही, म्हणून गाव या लोकांना शनवार तेली म्हणे. तो मान की टोमणा, कुणी कधी विचारलं नाही आणि यांनीही कधी मनाला लावून घेतलं नाही. आळीतली निम्मी घरं आता बंद होती. तरणी पोरं एकामागून एक इस्राएल देशाला निघून गेली होती, हसाजीचा एकुलता एक रूबेनही त्यातच. त्याला तार गेली, पण तार गेली म्हणून माणूस थोडाच वेळेवर पोचतो. माती दिली ती हसाजीच्या धाकट्या भावानं, बन्नाजीनं. तो रोह्याजवळच्या अष्टमी गावी राहणारा. वाटेत गडब गावाजवळ एसटी बंद पडली तर हा बाबा तिथून ट्रकमध्ये बसून आला. माणूस भला, पण नियमाचा पक्का.

मिलकाबाई माजघरात चटईवर बसली. गळ्याशी फाडलेली चोळी, मोकळे हात, आरसा फडक्यानं झाकलेला. अशा घरात सात दिवस जमिनीवर बसायचं, चूल पेटवायची नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आणून दिलेलं खायचं, अशी रीत. ती बसली ती भिंतीकडे तोंड करून, कारण दाराकडे तोंड केलं की अंगणातला तो सांगाडा दिसे. चार मेढी, वर चौकट, आणि त्यावर नुसतं उघडं आभाळ. तो उपटून टाका, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती. कुणी उपटत नव्हतं.

त्यात घरभर महाळुंगाचा वास. सणाच्या सकाळी शिंदीच्या मिटल्या, कोवळ्या पोग्याबरोबर हातात धरून प्रार्थना करायला महाळुंगाचं फळ लागतं, आणि तेही असं, की देठाला धक्का नाही, सालीवर डाग नाही. हसाजीनं रोह्याच्या वाडीतून ते स्वतः निवडून आणलं होतं आणि सुकू नये म्हणून तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलं होतं. डबा माजघरातच. मिलकाबाईला वाटे, उठावं आणि डबा विहिरीत फेकावा. पण उठायचं तर नव्हतं ना.

तिसऱ्या दिवशी बन्नाजी तिच्यासमोर येऊन बसला. बराच वेळ नुसता चटईच्या काड्या मोडत राहिला.

"वहिनी, उद्या संध्याकाळी सण लागतो," शेवटी तो म्हणाला.

"लागू दे."

"सण लागला की दुखवटा तुटतो. सात दिवस पुरे करायचे नसतात. उद्या दिवस कलला की तुम्ही उठायचं, आंघोळ करायची, दिवा लावायचा. हा माझा नियम नाही, बापजाद्यांपासून असंच आहे. हा सण आनंदाचा. आनंद करा, असा हुकूम आहे."

मिलकाबाईनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. जिभेची ती पहिल्यापासून तिखट, दुःखानं काही ती मऊ झाली नव्हती.

"हुकूम? कपाळ माझं! आनंद काय हुकमानं होतो, भावजी? बैलाला हाक मारली की घाणा फिरतो, तसं? इतकी वर्षं ज्याच्या ताटाला ताट लावून जेवले, तो माणूस तीन दिवसांत संपला? मला सात दिवस पण नकोत का देऊ कुणी? मी नाय उठणार. तुमचा सण तुम्ही करा."

"वहिनी—"

"मी उठले की तो गेला, भावजी. मी बसलेय तोवर तरी घरात त्याचं काहीतरी चाललंय."

बन्नाजी उठला आणि अंगणात जाऊन उभा राहिला. तिथं जनू कधीचा उभा होता.

हा जनू म्हणजे खारपट्ट्यातला, मिठागरावर राबणारा माणूस. त्याच्या बापाच्या वेळेपासून घाण्यावर येणंजाणं. दरसाल मांडवासाठी माडाच्या झावळ्या तोच आणायचा, त्याची बायको हौसा केळीचे खुंट आणायची, आणि भिंती म्हणून मिलकाबाईची जुनी लुगडी चौफेर ताणायचं काम ती दोघं करायची. छप्पर मात्र हसाजी स्वतः घालायचा. जनूला खाली चहाचा पेला देऊन बसवायचा आणि आपण शिडीवर चढून चार झावळ्या इकडे, चार तिकडे अशा नुसत्या टाकायचा. जनू खालून खो खो हसायचा. "शेट, तुमचं त्याल येक नंबर, पन छप्पर मातुर गळकं हां! माज्या खोपीवर आसं घातलं तर म्हस पन आत बसनार नाय!" हसाजी वरून म्हणायचा, "गळू दे रे, गळू दे."

पहिल्या संध्याकाळी जनू-हौसाला मांडवात जेवायला बसवायचं, हाही हसाजीचा नेम. यांच्या मूळपुरुषाचा, आब्राहम बापाचा तंबू म्हणे चारी बाजूंनी उघडा असायचा, कुठूनही पाहुणा यावा म्हणून. तेव्हा पाहुण्याशिवाय मांडव कसला? एक रिकामा पाट पांढरं फडकं घालून आब्राहम बापासाठी ठेवायचा आणि त्याच्या शेजारचा जनूला. प्रार्थना झाली, शरबताचा पेला फिरला, की हसाजी घास मोडायच्या आधी मागे रेलून छपराकडे बघायचा आणि स्वयंपाकघराकडे हाक मारायचा, "मिलके, चांदणी दिसते काय गो?" आणि मिलकाबाई, हातात खिरीचं पातेलं, चुलीवर दुसरं काहीतरी, वर न बघताच ओरडायची, "दिसते, दिसते. जेवा आता!"

तर त्या सांगाड्याकडे बघत जनू बन्नाजीला म्हणाला, "ह्यो आसाच ठेवनार काय?"

"वहिनी नको म्हणते."

"त्या नको म्हनतील. शेट म्हनले आसते काय?"

जनूनं डोक्याचं फडकं सोडून पुन्हा घट्ट बांधलं. "बन्नाशेट, तुमी मंदी पडू नका. मी बघतो."

आणि त्यानं जे बघितलं ते असं. रातोरात खारपट्ट्यातून झाप आले. सुट्या झावळ्या नव्हेत, हौसानं विणलेले दुहेरी झाप. वर नव्या भाताचा पेंढा आला, सुंभाची वेटोळी आली. सणाच्या दिवशी सकाळपासून जनू चौकटीवर चढून बसला. आता मिठागरावर पावसाळ्याआधी मिठाच्या राशी शाकारतात, ते काम ऐऱ्यागैऱ्याचं नाही. एक भोक राहिलं, एक ओघळ आत गेला, की वर्षाची मेहनत पाण्यात. त्या कामात जनूचा हात धरणारा अख्ख्या खारपट्ट्यात कुणी नव्हता. तोच हात त्यानं या मांडवावर चालवला. झापावर झाप, वर पेंढ्याचा थर, पुन्हा झाप, आणि प्रत्येक वितीला सुंभाची गाठ. दुपारपर्यंत त्याची बोटं सोलवटून निघाली. हौसा खालून म्हणाली, "पुरे की वो आता." तर म्हणतो, "शेटच्या माघारी वैनीच्या डोक्यावर शेटच्या मांडवातनं थेंब पडला तर जनू नाव लावनार नाय." आणि पाऊस तर होताच. परतीचा पाऊस, रोज संध्याकाळी डोंगराकडून गुरगुरत यायचा.

हौसा माजघरात आली ती लुगडी मागायला. "मिलकावैनी, पेटीची चावी दे गो. भिंती तानायच्यात."

मिलकाबाईनं कमरेची चावी काढून न बघताच पुढे केली. हौसानं ती घेतली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून थोडी बसली. "बघ तरी गो येकदा," ती म्हणाली. "आसा मांडव पेनमंदी झाला नसंल. तुज्या जनूभावानं जीव वतलाय."

"बघेन," मिलकाबाई म्हणाली, पण ती काही हलली नाही.

उन्हं कलली. आळीतल्या उरल्यासुरल्या घरांतून आंघोळीच्या पाण्याचा धूर निघायला लागला. दिवसभर आतल्या खोलीत दुखवट्याला बसलेला बन्नाजी उठून मांडवात जाऊन आला आणि चटईशेजारी टेकला. माणूस घुटमळत होता.

"काय झालं?" मिलकाबाईनं विचारलं.

"काही नाही. जाऊ दे."

"जाऊ दे म्हणायला आलात की सांगायला?"

बन्नाजीनं आवाज खाली आणला. "जनूनं मिठाची रास शाकारावी तसं शाकारलंय, वहिनी. आत भरदुपारी अंधार. सुईच्या टोकाएवढं आभाळ दिसत नाही. असा मांडव आपल्यात चालत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. पण त्याला सांगणार कोण? हात बघितलेत त्याचे? रक्त आलंय. आणि सूर्य मावळला की मग सोडता-बांधता येत नाही. तेव्हा या वर्षी राहू दे. दुःखाचं घर आहे. देव समजून घेईल."

मग मिलकाबाईचा आवाज आला, आणि तो ऐकून दारातली हौसासुद्धा दचकली.

"देवाचं मला नका सांगू. देव सगळंच समजून घेतो, त्याला काय जातंय! यांना चाललं असतं? सांगा ना, तुमच्या भावाला चाललं असतं? जन्मभर ज्यानं छपरातनं आभाळ ठेवलं, तो गेल्या गेल्या त्याच्याच मेढींवर झाकण ठोकता? माणूस गेला तो गेला, आता त्याचा मांडव पण पुरा?"

हे बोलता बोलता ती उभी राहिली होती. गुडघे आखडले होते, भिंतीला हात टेकावा लागला. आपण उठलो हे तिच्या ध्यानातच आलं नाही. बन्नाजीच्या आलं, पण शहाणा माणूस, तो चटईकडे बघत राहिला.

ती अंगणात आली. तिच्या लग्नातलं हिरवं लुगडं पश्चिमेच्या बाजूला ताणलेलं होतं, केळीचे खुंट लावलेले, दारावर भाताच्या लोंब्यांची जुडी. आत पाय टाकला आणि खरोखरच डोळ्यांपुढे अंधार आला. ओल्या पेंढ्याचा वास, वर एकसंध काळोख. काम असं की दृष्ट लागावी. जनू शिडीवरून उतरला आणि हात मागे लपवून उभा राहिला.

"कसा झालाय, वैनी? वरनं घागर वता, थेंब येनार नाय. तुमी निवांत बसा सात दिस."

मिलकाबाईची नजर त्याच्या मागे लपवलेल्या हातांकडे गेली. या माणसाला काय बोलायचं? पण लुगड्याआडून ऊन उतरत चाललेलं दिसत होतं, आणि गोडगोड बोलून वेळ काढणं तिला कधी जमलंच नव्हतं.

"जनूभाऊ," ती म्हणाली, "छप्पर उसवा."

"आं?"

"उसवा म्हणते. हे आम्हाला चालत नाय."

जनू तिच्याकडे बघतच राहिला. बाई दुःखानं भ्रमली, असंच त्याला वाटलं असणार. "वैनी, वर ढग बघा की. रातच्याला वतनार तो."

"ओतू दे. ऐका माझं. आमचे वाडवडील मिसर देशातनं गुलामी तोडून निघाले तेव्हा चाळीस वर्षं रानात होते. ना घर, ना दार. काटक्या-पाल्याच्या खोपी करायच्या आणि पुढं जायचं. त्यांना राखलं ते छपरानं नाय, वरच्या धन्यानं राखलं. ते विसरू नये म्हणून वर्षातनं सात दिवस आम्ही पक्क्या घरातनं उठून मांडवात येतो. छप्पर झाडापाल्याचं घालतो आणि तेही असं, की सावली पडेल पण आभाळ दिसेल. पाऊस आला तर गळेल. ज्याला आपल्या छपराचा भरवसा वाटतो त्याचा हा सणच नाय. ह्यांचा मांडव गळायचा ना, तो चुकून नाय गळायचा. मुद्दाम गळायचा."

जनूचा चेहरा पार उतरला. तो मटकन खालीच बसला. "मंग शेट मना कंदी बोलले कसे नाय? मी दरसाली हसलो त्यांना. त्यांच्या देवाच्या छपराला हसलो मी! येक सबूद बोलले आसते..."

"तुम्ही हसायचात ते त्यांना हवं असायचं," मिलकाबाई म्हणाली. आता तिचा आवाज थोडा खाली आला. "आत येऊन मला सांगायचे, जनूनं आज म्हशीवरनं टोमणा मारला, आणि सांगता सांगता स्वतःच हसत बसायचे. सांगितलं असतं तर तुम्ही पुन्हा हसला नसतात ना. आता उठा, वेळ नाय."

पण जनूला उठवेना. "नाय, वैनी. शेटसाठी बांदलंय ते. माज्या हातानं नाय मोडवनार मना."

बन्नाजी दारात उभा, हौसा तोंडाला पदर लावून. कुणी काही करेना. तेव्हा मिलकाबाईनं पदर खोचला, शेवग्याच्या शेंगा काढायची आकडी भिंतीला टेकवलेली होती ती उचलली आणि सरळ वर छपरात खुपसली. पेंढ्याचा चुरा तिच्या केसांत, डोळ्यांत पडला. तिनं ओढलं. काही निघालं नाही. पुन्हा खुपसली, पुन्हा सगळा भार टाकून ओढलं. झाप हूं की चूं करेना.

"अरे मेल्या, किती रे घट्ट बांधलंस!" ती ओरडली, आणि ओरडता ओरडता तिला हसू फुटलं. हसू म्हणेपर्यंत रडू. आकडी हातात तशीच, आणि बाई हसतेय की रडतेय ते तिचं तिला कळेना. "बघितलंत काय वो, कसं बांधलंय ते! बघितलंत काय!" हे ती कुणाला म्हणत होती ते सगळ्यांना कळलं.

जनू उठला. डोळे पुसायच्याही भानगडीत पडला नाही. कमरेची कोयती काढली आणि शिडी चढला.

"कुटं उसवू सांगा."

"त्या मेढीजवळ. नाय, तिथं नको, अजून आत. पेंढा सगळा काढा. हां, तिथं. जरा डावीकडं घ्या, ते तिथं बसतात."

'बसतात' म्हणाली ती. जनूनं कोयती डावीकडे नेली.

सुंभ तुटू लागला. पेंढ्याचे भारे खाली पडू लागले, बन्नाजी ते ओढून बाहेर टाकू लागला. एक झाप निघाला, दुसरा निघाला, बाकीचे जनूनं वरून कोयतीनं चिरून विरळ केले. आणि मग मावळतीचं तांबूस ऊन आत आलं. मांडवाच्या शेणानं सारवलेल्या भुईवर त्याचे कवडसे पडले, तिच्या पायांवर पडले, आब्राहम बापाच्या रिकाम्या पाटावर पडले. मग मिलकाबाई डोक्यातला पेंढा झटकत म्हणाली, "हौसा, न्हाणीत पाणी ठेव गो. दिवा लावायचाय."

दिवा लागला तेव्हा सूर्य अजून पुरता मावळला नव्हता. आंघोळ करून, फाडलेली चोळी बदलून तिनं वातीवर हात धरून डोळे झाकले आणि दिव्याचा आशीर्वाद म्हटला. मध्येच आवाज गेला. ती थांबली आणि जिथं गेला होता तिथून पुन्हा धरून पुरा केला. आनंद काही झाला नव्हता. काळजात होतं ते तसंच होतं. पण हात हलत होते, आणि घरात बरीच कामं पडली होती.

मशिदीतून माणसं परत आली, आळीतली दोन-चार म्हातारी माणसं तेवढी. मांडवात पाट मांडले. बन्नाजी हसाजीच्या पाटावर बसायला धजेना, तो शेजारी बसला. जनू दाराशीच घुटमळत होता. मिलकाबाईनं त्याला बकोटीला धरून आब्राहम बापाच्या शेजारी बसवलं. "दरसालची जागा आहे ती, विसरलात काय?" बन्नाजीनं शरबताचा पेला हातात घेऊन प्रार्थना म्हटली, पेला फिरला, भाकरीचा तुकडा मिठाला लावून प्रत्येकाला दिला. वाढपाची गडबड झाली, नव्या तांदळाची खीर ताटांत आली.

तेवढ्यात पाऊस आला. तसा थोडाच, पण आला. छपरातनं टपटप थेंब पडू लागले, खिरीत पडले, बन्नाजीच्या टोपीवर पडले. पुनवेचा चंद्र ढगात बुडालेला, वर नुसता काळसर उजेड.

"जेवणात पाणी पडलं की आत जायला परवानगी आहे, वहिनी," बन्नाजी म्हणाला. "उठायचं का?"

कुणी उठलं नाही. सगळे तिच्याकडे बघत होते. ती पातेलं घेऊन मांडवाच्या दारात उभी होती आणि तिला कळत होतं, सगळं झालं आहे, एक गोष्ट तेवढी राहिली आहे. ती आता कुणी विचारणार नाही. विचारणारा माणूस नाही. घास मोडायला कुणाचा हात होत नव्हता तो त्यामुळेच. खीर तशीच निवत होती.

आणि मग जनू, थेंबांनी भिजलेलं फडकं डोक्यावर तसंच असलेला जनू, ताटाकडे बघत हळूच म्हणाला, "चांदनी दिसते काय, वैनी?"

हौसानं नवऱ्याच्या गुडघ्यावर हात दाबला. पण विचारून झालं होतं.

मिलकाबाईच्या ओठांवर ते जुनं उत्तर आपोआप आलं आणि तिथंच थांबलं. इतकी वर्षं ती चुलीपाशी उभी राहून 'दिसते, दिसते' म्हणत आली होती, एकदाही मान वर न करता. तो विचारत होता आणि तिला खीर करपायची चिंता. तिनं पातेलं खाली ठेवलं.

"थांबा," ती म्हणाली. "बघते."

ती आत आली आणि हसाजीच्या पाटावर बसली. त्याच्यासारखीच मागे रेलली, हातावर भार देऊन, तोंड वर करून. वर झापांच्या फटी, फटींपलीकडे ढग. एक थेंब कपाळावर पडला, एक डोळ्यात. तिनं पुसला नाही. माणसं ताटावर हात ठेवून बसली होती, म्हातारी माणसं, भुकेली, पण कुणी खाकरलंसुद्धा नाही. ढग सावकाश चालला होता खारपट्ट्याकडे. पाऊस ओसरला, तरी झापांवरचं पाणी ठिबकत राहिलं. तिची मान अवघडली. ती बघत राहिली, कारण दिसेपर्यंत उत्तर द्यायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, आणि ज्यानं विचारलं होतं त्याला आता घाई नव्हती.

डावीकडच्या फटीत, तिनं जिथं उसवायला सांगितलं होतं तिथंच, ढगाची कड सरकली.

"दिसते," मिलकाबाई म्हणाली. "जेवा आता."